सात नंबरचं झाड

सात नंबरचं झाड खोटं आहे, हे आमच्या अख्ख्या इमारतीत सर्वांत आधी मला कळलं. पुढे जे झालं त्यावरून लोक मला काय वाटेल ते बोलतात, बोलोत बापडे, पण हे श्रेय माझ्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही. सव्वीस वर्षं मी बँकेत एकच काम करतोय. कागदावरची सही आणि आमच्याकडची नमुना सही शेजारी-शेजारी ठेवायची आणि खरी की खोटी ते सांगायचं. लोकांना वाटतं, त्यात काय मोठंसं! बसून बघा म्हणावं एकदा. दोन वर्षांत सख्ख्या भावाची सही बघून शंका यायला लागते, आणि पाच वर्षांत सख्ख्या भावाचीच.

आता झाड बँकेत कुठून आलं असं विचाराल, तर झाड बँकेत नव्हतं, बॅलेत होतं.

आमची मुलगी एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आठ वर्षं बॅले शिकली. मला त्यातलं फारसं कळत नाही. माणसं चवड्यांवर चालतात आणि कोणी काही बोलत नाही, एवढीच माझी माहिती. न बोलणाऱ्या माणसांबद्दल माझं मत पहिल्यापासून बरं नाही, पण मुलीपुढे आपण बोलत नाही. तिला नृत्यदिग्दर्शन शिकवणाऱ्या एका मोठ्या संस्थेत जायचं होतं. वर्षाला सहा जागा. त्यासाठी एक जुनं बॅले घेऊन ते नव्याने बसवायचं, खऱ्या प्रेक्षकांपुढे खऱ्या मंचावर करायचं, आणि त्याचीच फिल्म पाठवायची. पण फिल्म सलग हवी. कॅमेरा एकदा सुरू झाला की शेवटपर्यंत बंद करायचा नाही, मध्ये कापायचं नाही, जोडायचं नाही. वयाची अट बघता तिला ही शेवटची संधी होती.

"बाबा, तुम्ही फक्त हॉलची परवानगी काढा," ती म्हणाली. "बाकी सगळं मी बघते."

त्या 'फक्त'वर मी तेव्हाच संशय घ्यायला हवा होता.

बॅलेची गोष्ट साधी होती. वाऱ्याला एक मुलगी आवडते, मुलगी नाही म्हणते, वारा चिडून तिचं झाड करून टाकतो. मग तिचा राजपुत्र जंगलात येतो. तिथे बारा झाडं, सगळी सारखी. त्याने एकाच झाडाला हात लावायचा. बरोबर निघालं तर मुलगी परत, चुकलं तर सगळ्या जंगलाची पानगळ.

"जुन्या बॅलेत तो तिला लगेच ओळखतो," मुलगी जेवताना सांगत होती. "मला ते पटत नाही. माझ्या बॅलेत तो नुसता फिरत राहतो. त्याला ओळखताच येत नाही."

"नमुना समोर नसताना ओळखणार कसा?" मी म्हणालो. "त्या बिचाऱ्याला दोष देऊ नकोस."

झाडं म्हणून इमारतीतल्याच बायका घ्यायच्या असं तिने ठरवलं होतं. शिकलेल्या नर्तिका नकोत, रोजच्या चालण्या-वाकण्यातून नाच काढायचा, असं काहीसं ती म्हणाली. यादीत अकरा नावं झाली होती. त्यावर आमच्या हिनेही काहीतरी विचारलं, मी हसलो, आणि तळमजल्याच्या वहिनींचं नाव सात नंबरला घालून यादी पुरी झाली. ही आत जाऊन भांडी लावू लागली. जरा जोरात लावत होती, पण भांडी नवीन होती, त्यामुळे मी लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी हॉलच्या खिडकीपाशी अर्ज घेऊन उभा राहिलो. पलीकडच्या कारकुनाने तो सावकाश वाचला.

"मंचावर बारा झाडं आणणार?"

"झाडं म्हणजे बायका आहेत त्या."

"अर्जात झाडं लिहिलंय."

"नाचातली झाडं हो. नाचणार आहेत."

"म्हणजे हलवणार," तो म्हणाला. "झाडं हलवायची तर उद्यान विभागाचा ना-हरकत दाखला लागतो."

मी अर्ज बदलून देतो म्हटलं, तर त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. अर्जावर आवक क्रमांक पडला होता. नवा अर्ज म्हणजे नवा क्रमांक, आणि नवा क्रमांक म्हणजे आम्हाला हवी असलेली तारीख गेली. मीही खुर्चीवर बसणारा माणूस आहे. आवक क्रमांक पडलेल्या कागदाशी वाद घालायचा नसतो, हे मला कळतं.

उद्यान विभागाचे साहेब मात्र सज्जन निघाले. सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "मला समजतंय हो," ते म्हणाले, "पण माझ्याकडे बायकांचा फॉर्म नाही. झाडांचाच आहे." फॉर्ममध्ये रकाने होते: झाडाचा प्रकार, शोभेचे की सावलीचे की फळझाड, बुंध्याचा घेर, अंदाजे वय, आणि झाड रोगट असल्यास तसा उल्लेख.

मी मोजपट्टी खिशात घालून पहिल्या दाराची बेल वाजवली, आणि दोन मिनिटांत परत घरी आलो. काय घडलं ते मी सांगणार नाही. बुंध्याच्या घेरापुढे साहेबांनीच शेवटी सगळीकडे 'मध्यम' लिहायला परवानगी दिली. प्रकाराच्या रकान्यात अकरा जणींनी 'शोभेचे' लिहिलं. तिसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी तेवढं 'सावलीचे' लिहिलं, म्हणून त्यांच्याबद्दल मला आदर वाटला. वयाचं काय सांगावं! बारांपैकी नऊ झाडं पस्तीस वर्षांची निघाली. त्यांतल्या दोघींच्या मुली माझ्या मुलीच्या वर्गात होत्या.

इथवर सगळं निभावलं असतं. पण नियमाप्रमाणे झाडांची यादी, वयासकट, आठ दिवस इमारतीच्या फलकावर लावावी लागते. कोणाची हरकत असेल तर कळावी म्हणून. हरकत एकच आली, आमच्या सेक्रेटरींची. हे गृहस्थ पूर्वी परीक्षेत कॉपी पकडणाऱ्या पथकात होते, आणि फलकावर कागद दिसला की त्यांना हरकत घेतल्याशिवाय जेवण जात नाही. पण त्या आठ दिवसांत येणारा-जाणारा प्रत्येक माणूस फलकापुढे थांबून खाकरायला लागला. नवव्या दिवशी बाराही झाडं आमच्या घरात उभी.

"आम्ही नाचू," सेक्रेटरीणबाई म्हणाल्या, "पण चेहरा झाकून. घरातून निघतानाच झाकून निघू. आणि तालमीला गच्चीवर एकही पुरुष नको."

मला वाटलं, मुलगी आता रडणार. तिचे डोळेच चमकले. "बिनचेहऱ्याची झाडं!" ती म्हणाली. "काकू, तुम्ही माझं बॅले वाचवलंत!" कलावंतांचं मला कळत नाही ते असं. पुरुषांतून सूट दोघांनाच मिळाली. एक राजपुत्र, जो एरवी व्यायामशाळेत लोकांना वजनं उचलायला लावतो, आणि दुसरा कॅमेरावाला. ह्या कॅमेरावाल्याला एवढी दाढी होती की तो नक्की कोण आहे हे त्याच्या आईलाही खात्रीने सांगता आलं नसतं. अशा माणसाला गच्चीवर मोकळीक, आणि ज्याने दाखला मिळवला तो जिन्यात!

जिन्यात, कारण दाखल्यात एक अट होती. झाडं जमतील त्या प्रत्येक वेळी प्रत्येकीची सही घ्यायची आणि ते रजिस्टर शेवटी उद्यान विभागाला द्यायचं. गच्चीच्या दाराशी टेबल टाकून मी बसू लागलो. पाठीवर झाडाचा नंबर टाचलेला एकेक हिरवा बुरखा वर यायचा, आपल्या नंबरापुढे सही करून आत जायचा. मग आतून मुलीचा आवाज, "पाच, सहा, सात, आठ," आणि माझ्या डोक्यावरच्या स्लॅबवर धप्प.

चौथ्या तालमीला मला ते दिसलं.

तळमजल्याच्या वहिनी सही करतात एका दमात. हात उचलत नाहीत, आणि शेवटी दोन टिंबं फेकल्यासारखी देतात. चौथ्या तालमीच्या सहीत पेन तीनदा उचललेलं होतं, आणि टिंबं जपून ठेवलेली. हुबेहूब होती हो, कोणीही फसलं असतं. पण खोटी सही करणारा माणूस सही करत नाही, सही काढतो, हे मी नव्या मुलांना पहिल्या दिवशी सांगतो. पाचव्या तालमीलाही तेच. सहावीलाही.

सहाव्या तालमीच्या वेळी मी पाणी प्यायला खाली गेलो, तर तळमजल्यावर बंद दारामागून तीन शिंका आल्या. वहिनींच्या शिंका इमारतीत प्रसिद्ध आहेत. पहिली बारीक, दुसरी मध्यम, तिसरीला माणूस जागेवरून उठतो. मी तीन-तीन पायऱ्या चढत वर गेलो आणि दाराच्या फटीतून झाडं मोजली. बारा. सात नंबर जागच्या जागी गिरकी घेत होतं, आणि चांगली घेत होतं.

खाली जाऊन वहिनींनाच का नाही विचारलं, असं तुम्ही म्हणाल. गुन्हेगाराला सावध करायचं नसतं. मी सेक्रेटरींकडे गेलो.

"डमी!" ते उठून उभेच राहिले. "डमी उमेदवार बसवलाय. मी चाळीस पकडलेत माझ्या काळात. चेहरा झाकून बिल्डिंगमध्ये शिरलेलं माणूस कोण असेल, विचार करा. मागच्या महिन्यात माझी सायकल गेली."

"सायकलचोराला बॅले येईल?"

"हल्ली काहीही सांगता येत नाही," सेक्रेटरी म्हणाले.

त्यांच्याच सल्ल्याने मी पाण्याची टाकी साफ करण्याबाबत एक अर्ज तयार केला आणि घरोघर फिरवून सह्या घेतल्या. टाकी तशी स्वच्छ होती. चाळीस सह्या जमल्या. रविवारभर भिंग घेऊन मी त्या एकेक सात नंबरशी ताडून पाहिल्या, दाढीवाल्याची आणि राजपुत्राचीसुद्धा. एकही जुळेना. आमच्या घरातर्फे मीच सही केली होती, त्यामुळे घरचा प्रश्नच नव्हता.

ह्याच सुमाराला घरात हिचं एक वेगळं प्रकरण सुरू झालं होतं. ही गुडघ्यांच्या व्यायामाला जाऊ लागली. आठवड्यातून तीन संध्याकाळ. मी तालमीसाठी टेबल लावायला बाहेर पडलो की ही मागून निघायची. आता व्यायामाने गुडघे सुधारावेत की नाही? हिचे सुजले. घरभर मलमाचा वास. पायाच्या बोटांना चिकटपट्ट्या. मी त्या व्यायामवाल्या डॉक्टरला जाब विचारायला बँकेतून लवकर निघून गेलो, तर दवाखान्याला कुलूप. शेजारचा म्हणाला, इथे संध्याकाळी कोणी नसतंच. ही तिकडे गेलीय का बघायला मी हिच्या बहिणीला फोन लावला.

"ताई ना? इथेच आहे हो," मेव्हणी घाईघाईने म्हणाली. "आंघोळीला गेलीय."

"संध्याकाळी साडेपाचला?"

"उकडतंय ना, भावोजी." आणि फोन ठेवला.

मी बेचैन झालो. बहिणीकडे बसून ही माझ्याबद्दल काय काय सांगत असेल ते माझ्या डोळ्यांपुढे येऊ लागलं. घरात शिरलो की माय-लेकींचं बोलणं बंद व्हायचं. राजपुत्र एकदा जिन्यात म्हणाला, "काका, सात नंबर काय सुंदर करतात हो!" आणि पुढे एकदम जीभ चावून पळाला. दाढीवाला माझ्याकडे बघून हसायचा. निदान दाढी हलायची.

तुम्ही म्हणाल, एवढं सगळं समोर असताना तुम्हाला कळलं कसं नाही? त्याचं उत्तर माझ्या नोकरीत आहे. बँकेत आम्हाला पहिला नियम शिकवतात, एका वेळी एकच फाईल उघडायची. दोन फायली टेबलावर आल्या की कागद इकडचे तिकडे होतात. झाडाची फाईल वेगळी, बायकोची फाईल वेगळी. एक मिटल्याशिवाय मी दुसरी उघडली नाही. सव्वीस वर्षांत माझ्या हातून एकही कागद दुसऱ्या फायलीत गेलेला नाही.

प्रयोगाचा दिवस आला. सकाळी अकराला पडदा, आणि संध्याकाळी सहाच्या आत फिल्म संस्थेकडे पोचायला हवी, नाहीतर अर्ज बाद. मुलीने दोन दिवस काही खाल्लं नव्हतं. निघताना ती माझ्या पाया पडली आणि मला एकदम गलबलून आलं. माझ्या मनात आलं, हिच्या बॅलेत एक डमी घुसलाय, आणि ते फक्त मला माहीत आहे. उद्या संस्थेला कळलं तर? दाखल्यावरचं नाव एक आणि नाचणारी भलतीच. सहा जागांतली एक हातची जायला एवढं पुष्कळ झालं.

"पेपर चालू असतानाच धरायचा," सेक्रेटरी विंगेत माझ्या कानाशी म्हणाले. "आधी धरला तर उमेदवार म्हणतो, मी तो नव्हेच."

मला त्यांचं म्हणणं पटलं. हे मी आज कबूल करतो.

पडदा उघडला. हॉल भरलेला होता. दाढीवाला कॅमेरा पोटाशी धरून झाडांच्या मधून मांजरासारखा फिरत होता, आणि मानलं पाहिजे, त्याचं पाऊल वाजत नव्हतं. वाऱ्याचं काम विंगेतल्या मोठ्या पंख्याने केलं, आणि अर्धा तास सगळं बिनबोभाट गेलं. मग राजपुत्र जंगलात आला. एकेका झाडापुढे थांबावं, हात पुढे करावा, पुन्हा मागे घ्यावा. हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. आणि त्या शांततेत शेवटच्या रांगेतून पहिली शिंक आली. बारीक. मग मध्यम. मग तिसरी.

सात नंबर मंचावर होतं. सात नंबरच्या शिंका शेवटच्या रांगेत होत्या.

पुढचं माझ्या हातात नव्हतं. पायांत मोजे, बगलेत रजिस्टर, मी सरळ मंचावर गेलो. हॉलमध्ये कोणीतरी "अरे!" म्हणालं. राजपुत्र माझ्याकडे बघून जागीच थिजला. मी सात नंबरकडे निघालो, तर झाडं गोल फिरू लागली. ती नाचाची जागा होती, पण मला काय माहीत? मला वाटलं, पळून जातंय. मी डावीकडून गेलो, ते उजवीकडे. मी उजवीकडून गेलो, तर शिक्षिकाबाई मध्ये. दाढीवाला कॅमेरा घेऊन माझ्यामागे. शेवटी पानांचा एक झुपका माझ्या हाताला लागला. तो धरून मी दुसऱ्या हाताने बुरखा ओढला.

आतून आमची ही निघाली.

केस कपाळाला चिकटलेले, चेहरा लाल, आणि ती थांबली नाही. माझ्याकडे बघत, ओठ जेमतेम हलवत म्हणाली, "अहो, बाजूला व्हा. पाच, सहा, सात..."

मी बाजूला झालो. बाकीची झाडं हळूहळू बसत गेली आणि ही एकटीच उभी राहून नाचत होती. सत्तावीस वर्षं ही आमच्या घरात ह्या खोलीतून त्या खोलीत जातेय. वाकतेय, वरच्या फळीवरचं काढतेय, दारात पाठ टेकून उभी राहतेय. ते सगळं तिथे होतं, फक्त सावकाश, आणि कोणासाठीही नाही. मला खरंच असं वाटलं, की ह्या बाईंना आपण कुठेतरी पाहिलंय. माझ्या बगलेतलं रजिस्टर खाली पडलं. मी ते उचललं नाही. पडदा पडेपर्यंत मी तिथेच उभा होतो, आणि लोक टाळ्या वाजवत होते ते मला बऱ्याच उशिरा कळलं.

पडद्यामागे मुलगी एका खोक्यावर बसून रडत होती. "बाबा, का आलात? का आलात मध्ये? सलग हवी होती हो. आता परत कशी करू? हॉल संपला आपला." मी तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेलो, तर तिने मान काढून घेतली. तिच्या त्या मान काढून घेण्याने मला जे झालं ते मी कोणालाच सांगितलेलं नाही. सेक्रेटरी "कॉपी पकडली तर पेपर रद्द होणारच," असं काहीतरी बोलले आणि घरी निघून गेले. दाढीवाल्याने शांतपणे कॅमेरा पिशवीत भरला. "आहे तशीच पाठवू," तो म्हणाला. "दुसरं काय हातात आहे?" आणि पाच वाजता ती तशीच गेली.

घरी आल्यावर मी हिला विचारलं, "मला सांगायचं तरी!"

"विचारलं होतं तुम्हाला," ही पायाच्या पट्ट्या सोडत म्हणाली. "पोरगी यादी करत होती तेव्हा म्हटलं होतं, एक झाड मी होऊ का? तुम्हाला पाणी नाकात जाईपर्यंत हसू आलं."

"मी?"

"तुम्ही. मग वहिनींचा पाय तिसऱ्या तालमीला मुरगळला. नवं नाव घालायचं तर म्हणे परत अर्ज, परत फलक. तुम्हीच सांगत होतात सगळ्यांना. वहिनी म्हणाल्या, तू जा माझ्या जागी."

पण माझ्यातला नोकरदार काही गप्प बसेना. "ते सगळं असू दे. पण सही तुझी होती आणि मला ओळखता आली नाही? मला? सव्वीस वर्षं..."

"तुम्ही माझी सही कधी बघितलीय?" ती म्हणाली. "फॉर्म तुम्ही भरता. पेन्सिलने फुली मारता. मी फुलीवर सही करते. तुम्ही बघता ते एवढंच, की फुली सोडून तर नाही ना गेली."

मी उठून मलमाची डबी आणली आणि तिच्यापुढे ठेवली.

तीन आठवडे मुलगी माझ्याशी कामापुरतं बोलली. तेवढंही सभ्यपणे, ते जास्त लागायचं. मग संस्थेचं पत्र आलं. तिने ते उभ्यानेच वाचलं, पुन्हा वाचलं, आणि आईच्या गळ्यात पडली. तिची निवड झाली होती. राजपुत्राच्या जागी एक साधा, गोंधळलेला, मोजे घातलेला माणूस आणण्याची कल्पना परीक्षकांना धाडसी वाटली होती. "त्याच्या चेहऱ्यावरचा अडाणीपणा अस्सल आहे," असं त्यांनी लिहिलं होतं. मुलीने हे मोठ्याने वाचून दाखवलं, दोनदा. दुसऱ्यांदा वाचताना ती हसली आणि "थँक यू, बाबा," म्हणाली, आणि मी खिडकीपाशी जाऊन उगाच बाहेर बघत उभा राहिलो.

पत्रात एक अट होती. फिल्ममध्ये ज्यांचा चेहरा उघडा दिसतो, त्या प्रत्येकाची लेखी संमती आठ दिवसांत हवी, नाहीतर निवड रद्द. उघडे चेहरे तीनच, राजपुत्र, मी आणि ही. राजपुत्राने त्याच दिवशी सही दिली. मी माझा फॉर्म भरला, मग हिचाही भरला, नेहमीसारखी फुली मारली, आणि तिच्यापुढे सरकवला.

हिने चष्मा लावला. फॉर्म पहिल्या ओळीपासून वाचला. मग उलटा करून मागचं बारीक अक्षरातलंही वाचलं. मग घडी घालून आपल्या कपाटात ठेवला. "विचार करून सांगते," ती म्हणाली.

"अगं, पोरीचं वर्ष..."

"आठ दिवस आहेत."

ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. ही नेहमीसारखी वागत होती, म्हणून जास्तच संशय यायचा. कपाटाचं दार वाजलं की मी कान टवकारायचो. तिसऱ्या दिवशी मी मुलीला म्हटलं, आईला जरा सांग की. ती म्हणाली, "तिचा चेहरा आहे, बाबा. तिला ठरवू दे." चौथ्या दिवशी मी झोपेत फुल्या मारत होतो.

सहाव्या दिवशी सकाळी मी बँकेत निघालो, तर फॉर्म टेबलावर होता. फुली खोडरबराने पुसलेली होती. तिच्या बरंच वर, चांगली मोकळी जागा बघून, हिने सही केली होती.

मी पिशवी खाली ठेवून बसलो. एका दमात केलेली सही. हात कुठेही उचललेला नाही. पहिलं अक्षर ऐटीत मोठं, मग सगळी ओळ वर चढत गेलेली, आणि शेवटी एक लांब रेघ, कागदाच्या कडेपर्यंत. घाई नाही, भीती नाही. सव्वीस वर्षांत मी काही लाख सह्या पाहिल्या असतील. अशी पाहिली नव्हती.

"काय झालं?" ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "चुकली का?"

"नाही, नाही." मी खिशातून कोरा कागद काढून टेबलावर ठेवला. "अजून एकदा करतेस?"

"कशाला? जुळते का ते बघायला?"

"नाही," मी म्हणालो. "नुसती बघायला."

तिने माझ्याकडे बराच वेळ संशयाने पाहिलं, मग हात पुसत येऊन खुर्ची ओढली आणि पेनाचं टोपण काढलं.